महिषासुर अजून जिवंत आहे, साहेब

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. आपले दौरे, उद्घाटनं आणि प्रकृती सगळं सुरळीत असेल अशी आशा करून थेट मुद्द्यावर येतो.

गेल्या आठवड्यात आमचं बिल परत आलं. जानेवारीत मुंबईत ज्या लोकोत्सवाचं आपण उद्घाटन केलंत, त्यात मोखाडा तालुक्यातल्या आमच्या गावाने बोहाड्याची सोंगं आणली होती. त्या मानधनाचं आणि टेम्पोभाड्याचं हे बिल. त्यावर लाल शाईत शेरा आहे : ‘सादरीकरणाचा पुरावा म्हणून जोडलेल्या छायाचित्रांत कलाकारांचे चेहरे दिसत नाहीत. चेहरे स्पष्ट दिसतील अशी छायाचित्रे जोडून फेरसादर करावे.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

साहेब, बोहाडा मुखवटे घालून नाचतात.

पाकिटावर खात्याचं नाव घातलेलं नाही, ते मुद्दाम. हा विषय नेमका कुणाकडे येतो हे विचारायला आम्ही तीन खात्यांत गेलो आणि तिन्हीकडे तो शेजारच्या खात्याचा निघाला. तेव्हा नारळ ज्यांनी फोडला त्यांनाच पत्र लिहावं, असं ठरवलं.

बोहाडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. त्यात आपणही आलात, कारण त्या संध्याकाळी दीपप्रज्वलन करून आपण निघून गेला होतात. जव्हार-मोखाड्यात आणि पलीकडे नाशिक आणि अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात शिमगा झाला की गावोगाव बोहाडे लागतात. कुठे भोवाडा म्हणतात, कुठे जगदंबेचा उत्सव म्हणतात. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत गावागणिक दिवस वेगळे, म्हणजे आज आमच्याकडे पाहुणे आले की पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांच्याकडे. रात्री संबळ आणि पिपाणी सुरू झाली की आधी गणपती येतो, मग सरस्वती, मग रामायण-महाभारतातली आणि गावदेवांची सोंगं, एकामागून एक, गल्लीच्या टोकापासून देवीच्या देवळापर्यंत. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, प्रत्येकाचा ठेका वेगळा. आमच्याकडची जाणती माणसं अंथरुणात पडल्या पडल्या नुसत्या संबळावरून सांगतात, आता कोण चाललाय. शेवटच्या पहाटे देवी निघते आणि महिषासुराशी तिचं युद्ध होतं. तो पडल्याशिवाय बोहाडा उलगत नाही.

आमच्या गावात सोंगांचे मान घराण्यांकडे आहेत. आमच्या घराकडे महिषासुर. देव व्हायला सगळेच तयार असतात, राक्षस आमच्याकडे पिढीजात आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. आजोबा नाचले, वडील नाचले, मी भांडुपहून रजा टाकून जाऊन नाचत आलो, आता गुडघे बोलायला लागल्यावर पुतण्या नाचतो. मुखवटा पांगाऱ्याच्या लाकडाचा, शिंगं खऱ्या म्हशीची, आजोबांच्या वेळची. डोक्याला फडकं गुंडाळून त्यावर तो आवळून बांधतात, आणि मग मान हलवायची ती खांद्यापासून, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला वर बघता येत नाही. वर्षभर तो घोंगडीत गुंडाळून माळ्यावर असतो. माळ्याला वाळवी लागली आहे.

म्हणून तर त्या खोलीचं महत्त्व होतं. मागच्या वर्षी आपण तालुक्यात आलात, आमच्या पोरांनी तारपा वाजवून आपलं स्वागत केलं, आणि आपण माइकवरून दोन गोष्टी जाहीर केल्यात. मुखवटे ठेवायला देवळाशेजारी पक्की खोली. आणि बोहाड्याच्या दिवसांत गावाला पाणी. मीही टाळ्या वाजवल्या. नंतर कुणीतरी येऊन फक्कीने चौकोन आखून गेलं. पावसाळ्यात तो चौकोन वाहून गेला. एवढंच बांधकाम झालं.

आणि मग हिवाळ्यात मुंबईचं निमंत्रण आलं.

गावात त्यावर बैठक बसली. म्हातारी माणसं नको म्हणाली. पौषात सोंगं काढायची नसतात, देवीचे दिवस ठरलेले आहेत, उगाच तिला उठवू नये. तरुण मंडळी म्हणाली, मंत्रीसाहेबांनी खोली कबूल केली आहे, नाही म्हटलं तर तीही जायची. (जी नव्हतीच ती कशी जाईल, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.) शेवटी देवीला कौल लावला आणि चारच सोंगं न्यायची ठरलं. पण नाचणारे कुठे होते? दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातं. मालकाची उचल अंगावर असते, ती फेडायची असते, शिमग्याला तेवढी सुटका. जानेवारीत माणसाला भट्टीवरून काढायचं तर मालकाच्या विनवण्या करायच्या आणि मजुरीचा खाडा सोसायचा. देवी नाचवणारा आमचा गडी आणि त्याची बायको अशी जोडीने भट्टीवर आहेत. जोडीतला एक गेला की दुसऱ्याचंही काम थांबतं. मानधन मिळेल म्हणून खाडा सोसला. ते मानधन म्हणजे हे, परत आलेलं.

आता कार्यक्रमाचं सांगतो. पत्रात आम्हाला चाळीस मिनिटं लिहून दिली होती. दुपारी सांगितलं वीस. संध्याकाळी प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला आणि हेडफोन लावलेला एक मुलगा येऊन म्हणाला, “काका, सात मिनिटांत आटपा, जरा धमाल ठेवा.” त्याआधी दोन तास सोंगं प्रवेशद्वारावर उभी केली होती, येणाऱ्यांच्या हातात गुलाबाचं फूल द्यायला. महिषासुराने फुलं वाटली, साहेब! पुतण्याबरोबर किती जणांनी सेल्फी काढले याला गणती नाही. एका बाईंनी मुखवट्याच्या नाकात बोट घालून बघितलं. मशाल पेटवायला अग्निशमनाची परवानगी नव्हती, ते मला मान्य आहे, मांडव कापडी होता. पण मग मशालीच्या उजेडासाठी रंगवलेल्या मुखवट्यांवर जांभळे-हिरवे दिवे सोडायचे, हे कुणाचं डोकं?

सात मिनिटांत गणपती आला, सरस्वती आली, देवी आणि महिषासुर समोरासमोर आले, संबळ चढला, आणि पडदा पडला. मागून निवेदिका म्हणाली, “वाव! काय एनर्जी!” आणि पुढची लावणी सुरू झाली.

आत काय झालं असेल याची आपल्याला कल्पना यावी म्हणून लिहितो. युद्ध एकदा उभं राहिलं की ते अर्धवट सोडत नाहीत. देवीने शस्त्र उचललेलं, राक्षस समोर उभा, आणि कुणीतरी म्हणतं पुरे. आमच्या संबळवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्याबरोबर आलेली म्हातारी तर रडायलाच लागली, की असं सोडून गेलो तर गावावर काय येईल. तुम्ही याला अंधश्रद्धा म्हणा. मी मुंबईत हयात काढली आहे, वर्तमानपत्र वाचतो, पण मलाही तिथून तसंच निघायचं धाडस झालं नाही. शेवटी मैदानामागे, गाड्या लावायच्या जागेत, दोन जनरेटरच्या मधे, मोबाइलच्या उजेडात आम्ही महिषासुर पाडला. सुरक्षारक्षक शिट्ट्या मारत होता. त्याला वाटलं मारामारी चालली आहे.

मी मनातल्या मनात त्यालाही खरा वध धरत नाही, आणि गावातले धरत नाहीत. शिमग्यानंतर देवीपुढे कोंबडा कापून माफी मागून झाली. हा खर्च बिलात लावलेला नाही, कारण त्याची पावती मिळत नाही.

परतीच्या टेम्पोत मांडववाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्याही भरल्या होत्या. गावात उतरलो तेव्हा डावं शिंग बुडातून मोडलेलं होतं. ज्या हातांनी ते बसवलं ते हात कधीच गेले. पुतण्याने फेविकॉल आणि तारेने बांधलं आहे. यंदा त्याच मुखवट्याने नाचला, आणि प्रत्येक उडीला माझा जीव त्या तारेत.

बिलाची कथा तर वेगळीच. आधी म्हणाले जीएसटी क्रमांक द्या. मग म्हणाले संस्थेची नोंदणी दाखवा. बोहाडा संस्था करत नाही, गाव करतं. गावाचा पॅन नंबर कसा असेल? मग एकाच्या नावाने बिल करा म्हणाले, केलं. मग कॅन्सल केलेला चेक आणा म्हणाले. ज्याचं खातं जनधनचं त्याच्याकडे चेकबुक कुठून येणार? पासबुकाची झेरॉक्स चालवून घेतली, हे त्यांचे उपकार. आणि आता चेहरे. माझ्या चुलत्यांचंही हेच झालं होतं. ज्येष्ठ कलावंतांना सरकार महिन्याला ५,००० रुपये मानधन देतं, योजना चांगली आहे, पण अर्जाला पुरावे लागतात. कात्रणं, प्रमाणपत्रं, छायाचित्रं. त्यांनी उभं आयुष्य संबळ वाजवला तो मध्यरात्री, गल्लीत. तिथे प्रमाणपत्र कोण वाटणार? खिडकीतल्या माणसाने विचारलं, “एखादा ट्रॉफी वगैरे घेतानाचा फोटो नाही का?” चुलते वारले. अर्ज अजून ‘विचाराधीन’ दाखवतो.

सरकारला संस्कृतीचं वावडं आहे असं मी म्हणणार नाही. २०२५च्या जुलैत शिवाजी महाराजांच्या लष्करी वारशातले १२ किल्ले जागतिक वारशात गेले, ११ आपले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, तेव्हा मी सोसायटीत पेढे वाटले. त्याच महिन्यात गणेशोत्सव राज्य महोत्सव झाला, छानच झालं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली तेव्हा तर पालघर-जव्हारचा प्रत्येक पाडा ताठ झाला. पण चित्र भिंतीवरून कागदावर येतं, कागद दिल्लीला जातो, विमानाने जपानलाही जातो. बोहाडा कशावर उतरवून नेणार? त्याला ती गल्ली लागते, ती रात्र लागते, आणि कुठल्या घराचं पोर आत आहे हे ओळखणारी माणसं लागतात.

हे फक्त माझं रडगाणं आहे असं वाटत असेल तर उत्तराखंडात बघा. चमोली जिल्ह्यात सलूड-डुंग्रा ही जोडगावं आहेत. तिथे एप्रिलच्या अखेरीस भूमियाल देवतेच्या देवळाच्या अंगणात मुखवटे घालून रम्माण होते. डोंगरातलीच माणसं, मुखवटेच, घराघरांत वाटून दिलेली कामंच. २००९ साली ती रम्माण युनेस्कोच्या यादीत गेली. पुढच्याच वर्षी पूर्व भारतातला छाऊ नाच गेला. आम्हाला यादीत घाला असा हट्ट मी करत नाही, यादीत जाऊन पोट भरत नाही हेही कळतं. पण कुणीतरी तिथे जाऊन, बसून, पहाटेपर्यंत जागून, लिहून घेतलं असेल ना? आमच्याकडे जो अधिकारी आला तो दुपारी आला आणि म्हणाला, “एखादं सोंग आत्ता दाखवता का?”

तुमच्या लोकांना डोंगर आवडतो, पण तुमच्या वेळेनुसार. माझी धाकटी बहीण भंडारदऱ्याकडे दिली आहे. तिकडे मेच्या अखेरीला, पाऊस तोंडावर आला की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे लगडतात. आमच्या लहानपणी काजवे दिसले म्हणजे बी-बियाणं काढून ठेवायचं, राब भाजून तयार हवेत, एवढाच त्याचा अर्थ. आता तिथे काजवा महोत्सव होतो. शनिवारी रात्री घाटात गाड्यांची रांग, हेडलाइट चालू, गाणी चालू. काजव्याचा नर मादीला खूण म्हणून चमकतो. त्या झगमगाटात मादीला तो दिसणार कसा आणि पुढच्या वर्षी काजवा येणार कुठून, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. वनखातं फलक लावतं, टॉर्च बंद ठेवा, गाड्या लांब ठेवा, आणि फलक वाचायला लोक टॉर्च मारतात. दोन पैसे मिळतात, बहीण चहा-भजी विकते, मी तिला नको म्हणू शकत नाही. पण रविवारी सकाळी बाटल्या तीच वेचते.

आणि पाणी. आता हे राहवत नाही म्हणून लिहितो. मी पालिकेत चावीवाला होतो. मुंबईकरांना चावीवाला माहीत असतो, आपल्यासाठी सांगतो : रस्त्याखालचा व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडतो आणि ठरल्या वेळी बंद करतो तो माणूस. पहाटे चारला चावी फिरवली की चाळीत बादल्यांचा आवाज सुरू होतो. उशीर झाला तर शिव्या, वेळेवर आलो तर कुणाच्या लक्षातही नाही. मुंबई दिवसाला साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पिते. त्यातलं वैतरणेचं पाणी कुठून येतं? १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण २०१४ साली पुरं झालं, ते कोचाळ्याजवळ, आमच्याच मोखाडा तालुक्यात. डोंगर आमचा, पाऊस आमचा. पाणी उताराने भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात येतं आणि मी भांडुपच्या घरात नळ सोडून ते पितो. माझी वहिनी धरणाच्या तालुक्यात राहून मार्चपासून टँकरची वाट बघते. बोहाड्याला घरी पाहुणे आले की हंडे मोजून स्वयंपाक. मी हयातभर लोकांना पाणी सोडलं, माझ्या गावाची चावी कुणाच्या खिशात आहे तेवढं कळलं नाही.

आमच्यापासून घाट चढून गेलं की त्र्यंबकेश्वर. तिथे सिंहस्थासाठी हजारो कोटींची कामं चालली आहेत, घाट, रस्ते, पूल. होऊ देत, आम्हीही गोदावरीत बुडी मारू. त्यातल्या एका दिशादर्शक कमानीच्या खर्चात आमची खोली होईल.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी चालत निघाले होते, आठवतं? जवळजवळ १८० किलोमीटर. त्यात मोठ्या संख्येने आमचे डोंगरातले लोक होते, वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी आलेले. वनहक्काचा कायदा २००६चा, आणि बारा वर्षांनी लोक त्यासाठी आझाद मैदानाकडे चालत होते. होळी नुकतीच झाली होती. मी पूर्व द्रुतगती मार्गावर बिस्किटांचे पुडे घेऊन उभा होतो आणि पायांना फोड आलेली ओळखीची माणसं समोरून जात होती. शेवटच्या रात्री ते शीवहून मध्यरात्रीच निघाले, का, तर सकाळी दहावीच्या पोरांच्या पेपरला अडथळा नको. सगळ्या मुंबईने कौतुक केलं. ती माणसं आणि तुमच्या महोत्सवात फुलं वाटणारी माणसं एकच आहेत, साहेब. मागणी घेऊन आली तर पोलिस बंदोबस्त, मुखवटा घालून आली तर सेल्फी. दोन्ही वेळा पोटाला काय मिळालं ते विचारू नका.

माझ्या मागण्या लांबलचक नाहीत. बिल मंजूर करा. त्यात देवीवाल्याचा आणि त्याच्या बायकोचा खाडा धरा, तो त्यांचा हक्क आहे. चेहरेच हवे असतील तर सोंग उतरवून सगळ्यांचा एकत्र फोटो काढून पाठवतो, पण मग त्यात बोहाडा नसेल आणि त्यावर पुन्हा शेरा येईल, ते आधी ठरवून ठेवा. शिंगाची भरपाई मागत नाही, ते रुपयांत बसत नाही. मांडववाल्याला मात्र विचारा, मुखवट्यांवर खुर्च्या रचायला कुणी सांगितलं होतं. खोलीचं जे काही ठरलं असेल ते लेखी कळवा, नाही ठरलं असेल तर तसं लिहा, म्हणजे पावसाच्या आत आम्हीच पत्रे टाकून घेतो. आणि बोहाड्याच्या रात्रींना मोखाड्याहून एक जादा एसटी आणि दोन टँकर. एवढं तालुक्याच्या पातळीवरही होतं, त्याला मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही.

यापुढे सोंगं मुंबईला येणार नाहीत. गावाने तसा निर्णय केला आहे आणि मी तो इथे जाहीर करतो आहे. कुणाला पाहायचं असेल त्याने शिमग्यानंतर यावं, रात्री यावं, खाली बसावं. आपणही या. स्वागताला कमान नसेल, भाषणही ठेवणार नाही. पहाटेपर्यंत थांबायची तयारी असेल तरच या, अर्ध्यातून उठून जायचं असेल तर नका येऊ, आमच्याकडे मधे उठणाऱ्याला सोंगं अडवतात.

उत्तर पोस्टाने पाठवावं. गावात ईमेल उघडेल इतकी रेंज नसते.

आपला,
महिषासुराचा मानकरी आणि सेवानिवृत्त चावीवाला,
मुक्काम भांडुप, मुंबई